चूल, आगटी आणि बंबासाठी चिमटा-फुंकणी-कुऱ्हाड : काय घ्यावं, कुठून करून घ्यावं?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. सेलूजवळच्या आमच्या शेतातला आखाडा (शेतावरचं घर) यंदा नीट करून घेतलाय, पत्रे बदलले, ओसरी काढली आणि आईच्या हट्टानं मातीची चूलही मांडली, वैलासकट (चुलीला जोडलेलं बाजूचं दुसरं तोंड). मागं हुरड्याच्या आगटीला जागा ठेवलीय, आणि आजोबांचा तांब्याचा बंब गळत होता तो डाग देऊन (झाळून) आणलाय. आता अडलंय हत्यारांवर. ऑनलाईन बघितलं तर 'फायरप्लेस सेट' म्हणून मिळायलंय, एका स्टँडला लटकवलेली टोकदार सळई, चिमटा, छोटं फावडं आणि चक्क ब्रश, पितळी मुठी वगैरे, दिसायला एक नंबर पण किंमत बघून फोन खाली ठेवला. तर हे आपल्या चुलीला चालतं का? की लोहाराकडून करून घ्यावं, आणि घेतलं तर लांबी किती सांगायची, लोखंड कोणतं, स्टेनलेस चालेल का? शिवाय बांधावरची एक जुनी बाभळ वाऱ्यानं पडलीय, तिचं जळण घरीच फोडायचा विचार आहे, तर कुऱ्हाडीबद्दल पण सांगा. बजेट आहे पण शोभेच्या वस्तूवर घालवायचं नाही.

मोंढ्यातला_माणूस

भाऊ तो सेट घेऊ नका. वाईट आहे म्हणून नाही, तो दुसऱ्या जाळासाठी केलेला आहे. थंड मुलखात भिंतीत शेगडी असते, वर धुराडं, आत लोखंडी जाळी, माणूस खुर्चीतून उठतो, उभ्यानं लाकूड सारखं करतो, पुढं सांडलेली राख ब्रशनं लोटतो आणि परत बसतो. त्या हिशोबानं लांबी आणि वजन ठरलंय. आपण चुलीपुढं पाटावर बसणारी माणसं, आगटीपुढं उकिडवं बसणारी. बसलेल्या माणसाच्या हातात ती उभी सळई दिली की मागं बसलेल्याला लागते. तुमचे तीन जाळ तीन प्रकारचे आहेत, तिन्हीला एकच सेट लागू होणार नाही.

टवाळ_पोरगं

फुंकणी कशाला, बायकोचा हेअर ड्रायर घ्या, आखाड्यावर लाईट असली तर 😄

आष्टीची_काकू

लाईट असती का आखाड्यावर, रात्री येती ती मोटार चालू करायला. आन् ड्रायरनं सगळी राख कालवणात जाती, ते आधी बघ.

गोदाकाठच्या लेकरा, चुलीपुढं हत्यारं जितकी कमी तितकं बरं. घरी गॅस आलाय तरी माझी भाकर चुलीवरच असती, आन् माझ्याजवळ फुंकणी, एक चिमटा, सराटा (उलथनं) आन् जुन्या खुरप्याचं एक पातं, यवढंच हाय. जाळ सारायला येगळी सळई कामून पाहिजे? लाकडाचं मागचं गार टोक धरायचं आन् आत ढकलायचं. हौशी माणसं चूल सारखी उकरत्यात आन् तिथंच धूर होतो, का की उकरलं की निखारा फुटतो, राख वर येती, लाकडाची पेटती तोंडं एकमेकापासून लांब जात्यात आन् मग फू फू करत बसायचं. एकटं लाकूड जळत नसतं. दोन-तीन लाकडांची तोंडं एका जागी आणायची, मधी बोटभर फट ठेवायची वाऱ्याला, खाली चार तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या, मग फुंकणी पण उचलावी लागत नाही.

खुरप्याचं पातं कशाला तर भाकर तव्यावरून काढली की आरावर उभी लावायची असती, त्याला निखारे चुलीच्या तोंडाशी ओढावे लागतात. ते चिमट्यानं एक एक वेचत बसलं तर भाकर वातड होती. पात्याची मूठ काढून दीड वितीचा लोखंडी दांडा लोहाराकडून जोडून घे, झालं काम.

वाळूज_फॅब

काकूंशी सहमत, हत्यारं कमीच पाहिजेत. पण जी घ्याल त्यांच्या धातूचं नीट बघा, मी फॅब्रिकेशनमध्ये असल्यामुळं रोज लोक काहीही घेऊन येतात आणि म्हणतात याची फुंकणी करून द्या.

सगळ्यात आधी, जीआय पाईप नको. नळाचा उरलेला चकचकीत तुकडा प्रत्येक घरी असतो आणि पहिला हात त्यालाच जातो. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त 419 अंशाला वितळतं आणि 907 अंशाला उकळतं, आणि फुंकर मारलेला निखारा त्याच्या वर सहज जातो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंग करणाऱ्या पोरांना हे चांगलं ठाऊक आहे. दुसरं, गच्चीवर पडलेल्या जुन्या टीव्ही अँटेनाची नळी. ती अॅल्युमिनियमची, 660 अंशाला वितळते, टोक निखाऱ्यात राहिलं तर परत सापडत नाही. साधा काळा लोखंडी पाईप घ्या, नाहीतर पितळी, नाहीतर कळकाची (कळकात पेरं आतून बंद असतात, ती तापलेल्या सळईनं आरपार जाळून घ्यायची).

स्टेनलेसचं म्हणाल तर लोक उगाच नाव ठेवतात. 304 ग्रेडचं स्टेनलेस साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता पुढं नेतं, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या चिमट्याची मूठ बराच वेळ गार राहते, आणि पावसाळ्यात गंजत नाही. फक्त बाजारातला पोळीचा पातळ पत्र्याचा चिमटा घेऊ नका, निखारा उचलला की टोकं एकमेकावर चढतात.

भट्टीवाला_औसा

फॅबवाले दादा, स्टेनलेस गार राहतं हे खरं, पण ते लोहाराच्या हातात बसत नाही. आमच्या गावाकडचा लोहार स्टेनलेसला हात लावत नाही, वाकवायला गेलं तर ऐकत नाही म्हणतो. मोडलं तर दुरुस्त कुठं करायचं? माझी सगळी हत्यारं साध्या लोखंडाची, लांबी वाढवली की चटका आपोआप कमी होतो.

वाळूज_फॅब

ते पण बरोबर. लांबी हाच खरा इलाज आहे, धातू नंतर. आणि मूठ भरीव सळईची न ठेवता पोकळ पाईपची केली तर आणखी गार राहते, उष्णता यायला लोखंडच कमी.

गोदाकाठचा

वा, माहिती जबरदस्त यायलीय. भट्टीवाले दादा, तुम्ही मोठ्या जाळावर काम करता वाटतं, तुमच्याकडची हत्यारं सांगा ना, आखाड्यावर कधी पंगत झालीच तर उपयोगी पडेल.

भट्टीवाला_औसा

लग्नं, भंडारे, येळवसीला (वेळा अमावास्येला) शेतातली जेवणं, सगळं करतो. आमचं गणित चुलीपेक्षा वेगळं हाय. जमिनीत चर खांदायचा नाहीतर लोखंडी भट्टी लावायची, वर पन्नास-शंभर माणसाचं पातेलं, खाली माणसाच्या मांडीएवढी लाकडं. तिथं वाकून हातानं लाकूड सारायला गेलं तर भुवया जातात. म्हणून दोन वस्तू लागतात. एक छातीइतक्या लांबीची सळई, तिचं टोक आकड्यासारखं आत वळवलेलं, टोकदार नाही. टोकदार सळई फक्त ढकलती, आकडा ओढतो, आणि भट्टीवर ढकलण्यापेक्षा ओढण्याचंच काम जास्त असतं. दुसरं, लांब दांड्याचं सपाट खोरं, निखारे उपसायला.

नवीन पोरं कामाला लागली की पहिलं हेच शिकवतो, का आच कमी करायची तर पाणी मारायचं नाही. पाणी मारलं की राखेचा लोट उठतो आणि थेट पातेल्यात बसतो, वर गरम वाफेनं पाय भाजतात ते वेगळंच. आकड्यानं लाकडं मागं ओढायची, एकमेकापासून फाकवायची, दोन मिनटात जाळ खाली बसतो. काकू म्हणाल्या ना एकटं लाकूड जळत नाही, आम्ही त्याचाच फायदा घेतो. भाताला दम द्यायचा तर लाकूड सगळं बाहेर, निखारे अर्धे खाली ठेवायचे आणि अर्धे खोऱ्यानं उचलून झाकणावर.

सळईला नवीन लोखंड घ्यायची गरज नाही, स्लॅबची उरलेली चालती. पण 12 एमएमच्या वर जाऊ नका.

वाळूज_फॅब

हिशोबच देतो. 8 एमएम सळई मीटरला 395 ग्रॅम, 10 एमएम 617, 12 एमएम 888. भट्टीला 12 ठीक, चुलीला आणि आगटीला 8 भरपूर झाली, 8 च्या खाली गेलात तर लाल झाल्यावर वाकते.

हुरडाप्रेमी_जिंतूर

आगटीचं कुणी बोलायलंच नाही म्हणून लिहितोय. आगटीत लाकडाचा भडका नकोच असतो, गोवऱ्या लागतात. वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या, भडका बसला आणि लाल आर तयार झाला की कणसं त्यात खुपसायची, ती सुद्धा देठाकडून धरून, फिरवत. गूळभेंडीचं कोवळं कणीस असेल तर मिनिटभराचा खेळ, जास्त ठेवलं की दाणा करपला. हत्यार म्हणाल तर एक चिमटा, कोपरापर्यंत लांब असलेला, आणि फुफाटा वर-खाली करायला काकूंचं ते पातं. वांगी, रताळी पुरायची तर तेच पातं. लोखंडी फावडं आगटीत घालूच नका, गोवरीचा चुरा होतो आणि आर विझतो.

चिमटा मात्र नीट करून घ्या. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारात मिळतो, लोहार तो ठोकून पातळ करतो, ते पोलाद स्प्रिंगचं असल्यानं दाबून सोडलं की परत उघडतं. साध्या पट्टीचा चिमटा महिन्याभरात मिटून बसतो. फक्त त्याचं वळण (हाताकडचा वाक) कधी जाळात जाऊ द्यायचं नाही, लाल होऊन हळूहळू गार झालं की त्याची उसळी गेली.

रानवाटा

आता कुऱ्हाडीचं मी सांगतो, कारण धाग्यात सगळ्यात जास्त इजा होण्यासारखी वस्तू तीच आणि तिच्यावर अजून एक ओळ नाही.

तोडायची कुऱ्हाड आणि फोडायची कुऱ्हाड वेगळी. बाजारात जी सहज मिळते ती पातळ पात्याची, फांद्या तोडायला. तिनं ओंडका फोडायला गेलात की पातं रुतून बसतं आणि निम्मा दिवस ते उपसण्यात जातो. फोडायला पातं जाड, दोन्ही गालांनी फुगीर पाहिजे, धार अगदी वस्तऱ्यासारखी नसली तरी चालते, तिनं लाकूड कापायचं नसतं, उकलायचं असतं. लोहाराला 'फोडायला पाहिजे' एवढंच म्हणा, त्याला कळतं. पाणी देताना (तापवलेलं पातं विझवून कडक करताना) फार कडक देऊ नको म्हणावं, नाहीतर बाभळीच्या गाठीवर धारेचा तुकडा उडतो.

दांडा बाभळीचा किंवा तिवसाचा. दांड्याच्या टोकाला लाकडाच्या रेघा बघा, त्या पात्याच्या दिशेनं उभ्या गेल्या पाहिजेत, आडव्या असतील तर एक दिवस मधूनच मोडतो. नेढ्यात (पात्यातल्या दांड्याच्या भोकात) दांडा ढिला झाला की लोक रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, सकाळी घट्ट लागतो, आणि दुपारच्या उन्हात सुकला की आधीपेक्षा जास्त ढिला. पाचर ठोका, पाण्याचा उद्योग करू नका. डोकं निसटून समोर बसलेल्याच्या अंगावर गेलेलं पाहिलंय.

तुमची बाभळ पडून किती दिवस झाले? ओली किंवा अर्धवट ओली असतानाच फोडा. बाभळ वाळली की दगड होते. ओंडके दीड-दोन वितीचे पाडून घ्या (चुलीच्या तोंडाप्रमाणे), खाली जाड बुंध्याचा ठोकळा ठेवा, जमिनीवर ठेवून फोडलं की चुकलेला घाव दगडावर नाहीतर पायावर. मोठा ओंडका मधोमध फोडायला जाऊ नका, कडेकडेनं ढलप्या काढत आत या. जिथं गाठ आहे तिथं कुऱ्हाड वाया घालवू नका, लोखंडी पाचर आणि घण. आणि पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुललं की त्याच्या कडा घासून घ्या, त्याच कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. कुऱ्हाडीची पाठ घण म्हणून वापरणारे महाभाग आहेत, नेढं वाकडं होतं आणि लोखंडावर लोखंड मारल्यानं कपच्या डोळ्यात जातात. साधा गॉगल लावा, कुणी हसलं तर हसू दे.

गोदाकाठचा

अजून ओलीच आहे, महिना होत आला असेल. मग लगेच फोडतो. पण ओलं जळण यंदा वापरता येईल का?

रानवाटा

यंदाच्या हुरड्याला नाही. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, जाळाची सगळी ताकद ते पाणी उडवण्यात जाते आणि हाती नुसता धूर. उन्हाळा खाऊ द्या त्याला, मराठवाड्याचा उन्हाळा त्या एका कामाला फार चांगला आहे. टोकांना चिरा पडल्या, दोन फोडी एकमेकावर आपटून ठण्ण वाजल्या की समजायचं झालं. वाळलेली बाभळ किलोला 4,800 ते 4,950 किलोकॅलरी देते, आपल्याकडच्या चांगल्या जळणात तिचा नंबर लागतो, थांबण्याचं चीज होतं. रचताना खाली दगड ठेवून जमिनीपासून वर उचला, वर पत्रा, बाजू मोकळ्या.

आष्टीची_काकू

आन् पावसाळ्यात त्या सरपणात हात घालू नको बरं. आधी काठीनं नाहीतर त्या भट्टीवाल्या दादाच्या आकड्यानं लाकूड बाहेर ओढायचं, आपटायचं, मग हातात धरायचं. विंचू, फुरसं, सगळं तिथंच असतं. कण्हेरीचं लाकूड तर जळणात येऊच देऊ नको, तिचा धूर सुदिक ईखारी.

टवाळ_पोरगं

काकू, फुंकणीनं फुंकताना राख तोंडात येते त्याला काही उपाय? सिरियसली विचारायलो यावेळी.

आष्टीची_काकू

फुंकणी राखेत ठेवतोस म्हणून. भिंतीला खिळ्याला उलटी टांगून ठेव. आन् फुंकून झालं की तोंड बाजूला करून दम घ्यायचा, नळीतूनच आत वढायचा नाही. फुंकर जाळावर मारायची नसती, खाली निखाऱ्याच्या बुडाला मारायची, जाळावर मारली की धूर तुझ्याच डोळ्यात. नळीचं पुढचं तोंड जरा ठोकून बारीक केलं की थोड्या दमात काम होतं.

बंबवाले_अंबाजोगाई

बंबाबद्दल दोन ओळी. बंबाला लांब काही नको, वरून बारीक बंबफोड टाकायची आणि खालच्या जाळीतून राख ओढायची, त्यासाठी हातभर लांब बोटभर रुंद पट्टी, टोक काटकोनात वाकवलेलं. कडा घासून गोल करून घ्या, कारण आतली नळी पातळ तांब्याची असते आणि डाग दिलेल्या जागी टोकदार सळई लागली की परत गळती. पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही हे सांगायला नको, डाग सगळे सुटून येतात.

पीएचसीवाली

एवढं सगळं वाचलं, छान चाललंय, पण थंडीच्या दिवसात आमच्याकडं येणाऱ्या केस बघून लिहितेय. आगटीतले किंवा चुलीतले निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत शेकायला नेऊ नका, दार लावून तर अजिबात नाही. धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही, पण कार्बन मोनॉक्साईडला वास नाही की रंग नाही, माणूस झोपेतच जातो. राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका, वरून गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. झाकणाचं लोखंडी घमेलं ठेवा. आणि चटका बसला तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावून येऊ नका, ते खरवडून काढताना जास्त त्रास होतो. नायलॉनची साडी, ओढणी जाळापुढं नको.

गोदाकाठचा

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताई तुमचे, घमेल्याचं आमच्या डोक्यातच नव्हतं. तर असं ठरवलंय: ऑनलाईनचा सेट रद्द. गावातल्या लोहाराकडून कमानीच्या पाट्याचा कोपरापर्यंत लांब चिमटा, काळ्या पाईपची फुंकणी तोंड बारीक केलेली, जुन्या खुरप्याचं पातं दांडा लावून, बंबाची वाकडी पट्टी, आणि 10 एमएम सळईचा एक आकडा, चुलीला जरा जास्त झाला तरी सरपण ओढायला होईल. फोडायची कुऱ्हाड माळेगावच्या यात्रेत बघतो, नाही आवडली तर त्याच लोहाराला सांगतो. तो म्हणतोय काळा ऑईलपेंट मारून देतो, गंजणार नाही. मारू का?

वाळूज_फॅब

नको! पहिल्याच जाळात पेंट जळतो, वास महिनाभर जात नाही.

आष्टीची_काकू

रंग कशाला, करडईचं तेल लाव. हत्यार कोमट तापवायचं, फडक्यानं पातळ हात फिरवायचा, परत तापवायचं, दोन-तीनदा केलं की काळा कुळकुळीत थर बसतो आन् गंज धरत नाही. जाड लावलं तर चिकट होतं, हाताला लागतं. फुंकणीला मात्र तोंडाकडच्या टोकाला आतून लावू नको, राख चिकटून बसती.

गोदाकाठचा

करडई घरचीच आहे, घाण्यावरून काढून आणलेलं तेल पडूनच होतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला पण तेच चालतं का?

रानवाटा

चालतं. फक्त नेढ्याच्या आतल्या भागाला लावू नका, पाचर सरकते.